दाजींनी भरलेले हप्ते

कर्ज घेतलं तेव्हा ते कर्ज आहे हे आमच्या घरात कुणाला कळलंच नव्हतं. कागदावर 'कर्ज-शिष्यवृत्ती' असं छापलेलं होतं, आणि आमच्या घरची रीत अशी की जोडशब्दातला गोड तेवढा अर्धा ऐकायचा. आईनं शिष्यवृत्ती ऐकली. अण्णांना ती ओरडून सांगावी लागली, त्यामुळे परतूरच्या आमच्या गल्लीनंही ऐकली. अण्णा कापसाच्या जिनात फिटर होते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना, म्हणजे रेच्यांना, तेलपाणी करण्यात वीस वर्षं गेली आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आमच्या घरात कुजबुज नावाची गोष्टच नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते शेजारच्या चार घरांना कळायचं. पेढे वाटले गेले. पोरगी औरंगाबादला बी. एस्सी. करणार, सरकार पैसे देणार. ते परत करायचेत, हे करारपत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक टायपात होतं. दुसरं पान कुणी उलटलं नाही. मीही नाही, आणि मी तर गणित घेऊन शिकायला निघाले होते.

तो फॉर्म भरून दिला दाजींनी, माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, नवऱ्यानं. ते जालन्याला एका सरकारी ऑफिसात कारकून होते. कोणत्या ते सांगत नाही, त्या ऑफिसाचा यात काही दोष नाही. जालना जिल्हा झाला तेव्हा नवी ऑफिसं उघडली, नव्या खुर्च्या आल्या, आणि त्यातल्या एका खुर्चीत दाजी जाऊन बसले. तेव्हापासून परतूरमध्ये त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलेना. रेशनकार्डावरचं नाव, वीजमीटर, जातीचा दाखला, सगळ्याला दाजी. अवघड शब्द म्हणायची त्यांना भारी हौस. साधं "उद्या बघू" म्हणायचं तर "प्रस्ताव विचाराधीन आहे" म्हणत. आई त्यांच्याकडे देव्हाऱ्याकडे बघावं तशी बघायची. आणि मी? मलाही ते फार हुशार वाटायचे. हे आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

कॉलेजची तीन वर्षं आणि बी. एड. चं एक, असं चार वर्षं ते पैसे मिळाले. वर्षातून दोनदा यायचे आणि दोन्ही वेळा उशिरा. कॉलेजातला शिष्यवृत्तीचा कारकून प्रत्येक वेळी अशा तोंडानं सही घ्यायचा की जणू स्वतःच्या बायकोचं मंगळसूत्र मोडून देतोय. चार वर्षांचे मिळून तीन हजार आठशे रुपये झाले. आज माझ्या भाचीच्या मुलाचं शिक्षणाचं कर्ज मोबाइलवर दिसतं. किती घेतलं, किती फिटलं, किती उरलं, व्याज किती. एका बोटाचं काम. तो रोज बघतो आणि रोज उदास होतो. मी त्याला म्हणते, बघतोस हेच पुष्कळ आहे. मी एकतीस महिने बघितलं नाही.

बी. एड. झाल्यावर दिवाळीनंतर मला अंबड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत नोकरी लागली. आठवड्याचे सहा दिवस गावात, रविवारी परतूरला. पहिला पगार घेऊन घरी आले त्याच रविवारी दाजी आले. आईनं धपाटे केले होते, सोबत लसणाची चटणी आणि दही. दाजींनी चार धपाटे खाल्ले, ढेकर दिला आणि करारपत्राचं ते दुसरं पान मला वाचून दाखवलं.

"हे पैसे वापस करावे लागतात, मंगल. तुला म्हाईत न्हाई वाटतं?"

"न्हाई," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणले होते, शिष्यवृत्ती म्हणून."

"शिष्यवृत्ती नुसती नावात, पैसे सगळे कर्जाचे. थकलं तर नोकरीवर येतं. पण घाबरू नको. मी हाय न. म्हैन्याला शंभर रुपये माझ्याजवळ देत जा, मी चलान भरून टाकत जाईन. तुला रजा टाकून हिंडायची गरज न्हाई."

"पावती मिळंल का?"

तेव्हा ते हसले. ते हसणं मी विसरलेली नाही. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसावं तसं. "पावती फाइलीला लागते, बाई. घरी नेऊन काय लोणचं घालतीस का?"

आई हसली. आई हसली म्हणून अण्णा हसले, काय झालं ते न ऐकताच. मी शंभराची नोट दिली.

पुढं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे चाललं. सहा महिन्यांनी दाजी मोपेडवर यायला लागले. नवी कोरी, निळी. आईनं तिला हळदकुंकू लावलं. आमच्या गल्लीत वळतानाच तिचा फटफट आवाज यायचा आणि आई कढईत तेल ओतायची. दाजी जेवायचे, शंभर रुपये खिशात घालायचे आणि जाताना मला हिशेब सांगायचे. "आता सत्तावीसशे राह्यले." "आता एकवीसशे." मी वहीत लिहून ठेवायचे. सोमवारी शाळेत जाऊन सातवीच्या वर्गाला सरळव्याजाची उदाहरणं घालायचे. एका पोराच्या उत्तरात पायऱ्या दिसल्या नाहीत तर मी त्याचे गुण कापायचे. "उत्तर बराबर आहे, पण कुठून आलं ते दाखव," असं म्हणायचे. असल्या मास्तरणीला काय म्हणावं, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी ठरवून बसले आहे.

एकतीस नोटा झाल्या होत्या. माझ्या वहीप्रमाणे फक्त सातशे रुपये उरले होते. शाळा उघडून पंधरा दिवस झाले असतील, मुख्याध्यापकांनी मला भर मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या नावानं औरंगाबादच्या शिष्यवृत्ती ऑफिसाचं पत्र आलं होतं. सरकारला माणूस शोधायचा नसला की वर्षानुवर्षं सापडत नाही, आणि शोधायचा ठरला की थेट शाळेत सापडतो. मुख्याध्यापकांनी ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "सदर शिक्षिकेने कर्जाची एकही परतफेड केलेली नसून, संपूर्ण रक्कम रुपये तीन हजार आठशे तिच्या वेतनातून कपात करण्यात यावी." वाचून झाल्यावर चष्मा काढून ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." हेच मुख्याध्यापक शाळेच्या खडूचे डबे घरी न्यायचे. पण त्या क्षणी ते हरिश्चंद्र होते आणि मी चोर.

मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकून जालन्याला गेले. दाजींचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या मागं. दाजी बनियनवर बसले होते. पत्र वाचताना त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

"जुनं पत्र हाय हे. आपले चलान खालच्या टेबलावर अडकलेत. सायेब बदलून आल्ते, नवे सायेब सह्या करून राह्यले. मी परवा गेल्तो न."

"मग मी उद्या जाऊन विचारून येते."

"तू?" दाजींनी पत्राची घडी घालून मला परत दिली. "तिथं बाईमाणसाला कोण उभं करतं? उगं गडबड करशील, फाइल बिघडंल. मी बघतो म्हणलं न."

आक्का चहा घेऊन आली होती. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली, माझ्या पदरावरचा खडू झटकला आणि म्हणाली, "जाऊन ये तू." एवढंच. मला वाटलं, ती घरी जा म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी मी औरंगाबादला, त्या शिष्यवृत्ती ऑफिसात गेले. बाईमाणसाला तिथं कोण उभं करतं या प्रश्नाचं उत्तर असं होतं की त्या टेबलावर बाईमाणूसच बसलेलं होतं. पन्नाशीच्या पुढच्या, चष्म्याची दोरी गळ्यात, समोर डबा उघडलेला. मला म्हणाल्या, "बस. दोन घास खाऊन घेते, मग बघते." खरोखरच दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. मग मागच्या कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं आणि ते माझ्याकडे फिरवून ठेवलं. डाव्या बाजूला मला मिळालेले पैसे, आठ ओळी. उजव्या बाजूला परतफेड. ती बाजू कोरी होती.

"एकतीसशे भरलेत मी," मी म्हणाले.

"कुठं?"

"जालन्याला. चलानानं."

"चलानाची तारीख, नंबर?"

मी माझी वही काढली. त्यांनी ती उघडून बघितली, दोन पानं चाळली आणि हळूच मिटली. "ही तुझी वही झाली, पोरी. दुनियेत कुठल्याही वहीत लिहिता येतं. पैसे कुणाच्या हातात दिलेस?"

मी सांगितलं. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू काय करतेस?"

"शिक्षिका आहे."

"कुठल्या विषयाची?"

हे त्यांनी सहज विचारलं होतं. पण त्या दिवशी माझ्या तोंडून 'गणित' हा शब्द जसा निघाला, तसा कुणा आरोपीच्या तोंडून गुन्हाही निघाला नसेल. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. उलट त्यांनी कपाटातून माझं करारपत्र काढलं आणि तिसरं पान उघडलं. होय, तिसरंही पान होतं. दाजींनी मला दुसरं पान वाचून दाखवलं होतं, तिसरं नाही.

"हे वाच. कर्ज घेणारा शिक्षकी पेशात गेला, तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दहावा हिस्सा माफ. नोकरीत आहे तोवर वसुली न्हाई. फक्त दर वर्षी मुख्याध्यापकाचा दाखला आणून द्यायचा. मागचे एकदम आणलेस तरी चालतात, कपातीचं पत्र रद्द होईल. तुझी किती वर्षं झाली?"

"दोन पूर्ण. वर सात महिने."

"म्हणजे सातशे साठ तर आत्ताच माफ. राह्यले तीन हजार चाळीस, आणि तेबी दरसाल कमीच होणार. तुला बिलकुल एक पैसा भरायची गरज नव्हती."

मी त्या लाकडी बाकावर किती वेळ बसले होते सांगता येत नाही. राग आला होता म्हणावं तर तो नंतर आला. आधी आली ती नुसती किळस, आणि ती दाजींची नव्हती, माझी मला. तीन पानी कागद. मी चार वर्षं त्या कागदाच्या जिवावर जेवले आणि तो वाचला नाही. बाईंनी रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल काढून, शिक्का मारून माझ्या हातात ठेवली. "आता कुणाला दाखवायचं ते दाखव," म्हणाल्या.

त्याच सुमारास धोंड्याचा महिना लागला होता. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला विष्णू मानून जेवायला बोलावतात, पाय धुतात, तेहतीस अनारसे आणि दिवा असं वाण देतात. आईनं आठ दिवस आधी तांदूळ भिजत घातले होते. मी तिला शनिवारीच सगळं सांगितलं, मागच्या अंगणात, तिच्या कानाशी. तिनं अनारश्याचं पीठ मळता मळता ऐकलं आणि म्हणाली, "उद्याचा दिवस जाऊ दे. तुझ्या आक्काच्या संसाराचा विचार कर. अन् अण्णांना सांगू नको." अण्णांना न सांगणं सोपं होतं. आमच्या घरात अण्णांना काही सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं.

रविवारी मोपेडचा आवाज आला, मागं आक्का बसलेली. आईनं विष्णूचे पाय धुतले. त्या पायांच्या बोटांवर मोपेडचं ऑइल होतं, ते तिनं साबणानं काढलं. पाट, रांगोळी, पुरण भरलेले धोंडे, कटाची आमटी, कुरडया, तूप. दाजींनी पहिला घास घेतला आणि मला म्हणाले, "काय बाईसाहेब, सातशेच राह्यले आता. सुटलात तुम्ही."

मी नक्कल त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "दाजी, उजवी बाजू बघा."

त्यांनी बघितली. घास गिळला. "जेवताना हे काय काढलं?"

"कुठं गेले पैसे?"

"गेले कुठं? घरातच हायेत. आडीअडचण होती, वापरले. घरच्या माणसानं घरचे पैसे वापरले तर एवढं काय? देईन न." आणि मग, आईकडे बघून, "पोरीला लई शिकवलं तुम्ही."

अण्णा पाटावरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणू राह्यले?" त्यांनी विचारलं. आईनं हातानं 'काही नाही' अशी खूण केली. मी तोंड उघडलं, आणि आईचे डोळे बघून मिटलं. हो, मिटलं. एवढा पुरावा हातात असूनही मी गप्प बसले असते. बहिणीचा संसार वाचवते आहे असं स्वतःला सांगत बसले असते.

आक्का वाढत होती. तिनं तुपाचं भांडं खाली ठेवलं, अण्णांच्या शेजारी उकिडवी बसली, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि जिनातल्या फिटरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अण्णा! यांनी मंगलच्या कर्जाचे एकतीसशे रुपये खाल्ले! त्या मोपेडचे हप्ते त्यातूनच भरले!"

बाहेर कुणाचा तरी पाण्याचा हंडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

अण्णांनी हात धुतला. त्यांचा महिन्याचा पगार तेव्हा सहाशे होता. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, ताट उधळेल. ते म्हणाले, "जावईबापू, जेवण करा. अन्न टाकू नका." आणि उठून जिनाकडे निघून गेले, रविवारी, यंत्रं बंद असताना.

दाजी जेवले. हे मी कुणालाही सांगितलं तर खरं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते. ते पूर्ण जेवले. मध्ये एकदा तूप मागितलं. आईनं त्यांना तेहतीस अनारशांचं वाण दिलं, कारण व्रत अर्धं सोडता येत नाही, आणि त्यांनी ते घेतलं, कारण फुकटचं घेणं सोडता येत नाही. निघताना आक्का मला म्हणाली, "मी देईन तुझे पैसे. म्हैन्याला शंभर. यांच्या पगारातून काढून." आणि मोपेडवर त्यांच्या मागं बसून गेली.

ती शब्दाला जागली. पुढं दर महिन्याला एका रविवारी ती सकाळच्या पॅसेंजरनं जालन्याहून परतूरला यायची. दाजी पुन्हा आमच्या उंबऱ्यात आले नाहीत. अपमान झाला म्हणे त्यांचा. आक्का शंभर रुपये द्यायची, माझ्याकडून वहीच्या कागदावर पावती लिहून घ्यायची, भाकरी आणि अंबाडीची भाजी खायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. मी नोट घ्यायचे. एकदाही 'राहू दे' म्हणाले नाही. त्या प्रत्येक नोटेत मला दाजींचं तोंड दिसायचं आणि फार बरं वाटायचं. एकतीस महिने मला बरं वाटत राहिलं.

मी दर वर्षी मुख्याध्यापकांकडून दाखला घेऊन औरंगाबादला नेऊन देत राहिले. दहा वर्षं झाली तेव्हा शेवटचा दाखला घेऊन गेले. त्या बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी एक तरुण कारकून होता. त्यानं कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं रजिस्टर दिसत न्हाई. फाइल न्हाई म्हणजे कर्ज न्हाई. जा आरामात घरी."

"मला लिहून पाहिजे."

"लोक बुडवायला येतात, अन् तुम्ही शोधायला आल्या?"

"हो," मी म्हणाले आणि त्याच बाकावर बसले. दुपारपर्यंत त्याला माझ्याकडे बघण्याचा कंटाळा आला, मग त्यानं शोधलं. सापडलं. त्यानं हिशेब केला, मी त्याच्या पायऱ्या तपासल्या, आणि त्यानं शिक्क्यासह लिहून दिलं, 'शिल्लक निरंक'.

परतताना मी जालन्याला उतरले. दाजी ऑफिसात होते. आक्काला कागद दाखवला. तिनं हात पुसून तो हातात घेतला, वाचला.

"निरंक म्हणजे काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई."

"म्हणजे तू सरकारला एक रुपया दिला न्हाईस?"

"न्हाई. सगळं माफ झालं."

"अन् माझ्याकडून गेलेले एकतीसशे तुला वापस आले." ती मग हसून म्हणाली, "मंग तुझं कर्ज मीच फेडलं म्हण की."

"तू कसं? दाजींच्या पगारातून फिटलं ते."

"यांच्या पगाराला मी कवा हात लावला, मंगल? लावू दिला असता का यांनी?" तिनं कागदाची घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवली. "कापडाच्या दुकानातून साड्या आणायची. फॉल लावून द्यायची. साडीला दोन रुपये."

ती उठली, म्हणाली, "जेवूनच जा आता, वरण झालंय," आणि आत गेली. मी जेवले. दोनदा वाढून घेतलं, तिनं आग्रह केला म्हणून.

हिशेब मी बसमध्ये केला. तिच्यासमोर करायची हिंमत झाली नाही. पंधराशे पन्नास साड्या.